तीन गावं, एक कार्ड

"आधी कार्ड घे. पायाचं मग बघू."

इम्तियाजभाई कालव्याच्या कडेला उताणे पडून हे सांगत होते. त्यांची मोटारसायकल चारीत आडवी झालेली, पुढचं चाक अजून फिरत होतं. रस्त्यावर उसाचा पाला सांडलेला, त्यावर दव, आणि वळणावर गाडी सरळच गेली. त्यांचा उजवा पाय गुडघ्याखाली जिथं वळायला नको तिथं वळला होता. मी एकदा बघितलं आणि परत तिकडं बघितलं नाही.

"भाई, हलू नका तुम्ही."

"हलतोय कुठं. आतल्या खिशात बघ. रुमालात हाय. भिजलंय का बघ."

भिजलं नव्हतं. तळहाताएवढी हिरवी पट्टी, एका कोपऱ्यात भाईंनी स्वतः सोल्डर मारलेलं.

"साडेसातला येळगावच्या बाया रांगेत उभ्या असत्यात. जा तू."

"आणि तुम्ही?"

"मी काय पळून चाललोय? पायाला आता कुठं जायचं नाही. जा."

मागनं एक ट्रॅक्टर येऊन थांबला. ड्रायव्हर उतरला, त्यानं ॲम्ब्युलन्सला फोन लावला आणि भाईंच्या डोक्याखाली पोतं दुमडून ठेवलं. भाई त्याला म्हणले, "हिला सांगा हो जायला. ऐकंना झालीय."

आणि मी गेले. ही गोष्ट मी कुणाला नीट सांगत नाही. सहा किलोमीटर स्कुटी पळवली, येळगावच्या डेअरीत कार्ड बसवलं, पहिली पावती निघाली तशी परत फिरले. तोवर ॲम्ब्युलन्स त्यांना घेऊन मिरजेला गेली होती. रस्त्यावर पोतं तेवढं राहिलं होतं.

दोन वर्षं झाली त्याला. मी सतरा वर्षांची होते.

दहावीच्या मध्यातच शाळा सुटली होती माझी. सुटली म्हणजे मीच सोडली. गणिताच्या सरांनी वर्गासमोर माझ्या आईच्या कामावरनं टोमणा मारला आणि मी कंपासपेटी भिरकावली. लागली नाही, पण शाळेचं तेवढ्यावर भागलं. मग मामाच्या मोबाईलच्या दुकानात बसून हात बसला, आणि पुढं इम्तियाजभाईंनीच मला कंपनीत चिकटवलं. तालुक्यातल्या गावोगावच्या दूध डेअऱ्यांत दूध संघाचे कॉम्प्युटर आहेत. ते चालू ठेवायचा ठेका आमच्या कंपनीकडं. तालुक्याला खताच्या दुकानामागं एक गाळा, तेच आमचं ऑफिस. माणसं सहा. वायरची टोकं बसवायची पक्कड सहा जणांत एक, ती ज्याच्याकडं असेल त्याला शोधत फिरायचं. पेचकस ज्याचे त्याचे. गाडी ज्याची त्याची. माझी स्कुटी मावशीची होती आणि लायसन नव्हतं, ते कुणी कधी विचारलं नाही.

आता कार्डाचं सांगते, म्हणजे बाकीचं कळेल.

डेअरीत दुधाचं फॅट बघायचं मशीन असतं आणि शेजारी कॉम्प्युटर. दोघांच्या मधे हे कार्ड. कार्ड गेलं की मशीन आकडा दाखवतं, पण कॉम्प्युटरला तो पोचत नाही आणि पावती निघत नाही. पावती निघत नाही म्हणल्यावर बायका दूध ओतत नाहीत. पावतीशिवाय दूध ओतून एकदा फसलेलं गाव परत फसत नाही.

तर एका शनिवारी दुपारी वीज अशी काय जोरानं आली की खटकवाडी, येळगाव आणि चिंचमळा, तिन्हीकडची कार्डं एकदम जळाली. तीन कॉल पडले, म्हणजे तक्रारी. आता नियम ऐका. कॉल पडल्यापासून चार तासांत दुरुस्ती झाली पाहिजे. झाली की डेअरीच्या सचिवाच्या फोनवर ओटीपी येतो, तो घेऊन कॉल बंद करायचा. चार तासांच्या वर गेला तर त्या इंजिनियरचे मार्क जातात, आणि तीन महिने मार्क कमी पडले की माणूस जातो. दुसरा नियम असा की नवीन पार्ट फक्त उघड्या कॉलवर मंजूर होतो. मंजुरीला आठ दिवस.

म्हणजे पार्ट पाहिजे तर कॉल आठ दिवस उघडा ठेवा, आणि कॉल उघडा ठेवला तर नोकरी ठेवा खाली. हे कुणी बसून ठरवलं असेल त्याला मी एकदा भेटणार आहे.

भाईंनी काय केलं, घरच्या डब्यातनं जुनी तुटकी कार्डं काढली आणि रविवारभर बसून त्यातनं एक चालू केलं. एकच झालं. मग तिन्ही सचिवांना भेटून वेळा वाटून दिल्या. खटकवाडीनं पावणेसहाला दूध घ्यायचं. तिथलं झालं की कार्ड काढून येळगावला, साडेसातला. मग चिंचमळ्याला, नऊला. संध्याकाळी तसंच, फक्त उलट्या दिशेनं. सकाळी भाई, संध्याकाळी मी. त्या सोमवारी पक्कड भाईंकडं होती, म्हणून सकाळीच त्यांना गाठलं आणि त्यांच्या मागोमाग निघाले होते. तिन्ही कॉल मात्र शनिवारीच चार तासांत बंद. ओटीपी सचिवांनी मशीन चालू व्हायच्या आधीच हसत दिले, कारण भाईंवर भरवसा.

"आठ दिवसांचा प्रश्न हाय. मी सरांच्या कानावर घातलंय," भाई म्हणले होते.

त्याला पाच आठवडे झाले होते.

मी एकदा तडकले होते. "सरांना सांगा ना, कार्ड फिरवतोय म्हणून. किती दिवस चालायचं हे?"

"सांगितलंय. ते म्हणले, कॉल बंद हायत, बंद कॉलवर पार्ट कसा मागू."

"मग भांडा."

"पल्ले, दोन नोकऱ्या मी तोंडानं घालवल्यात. ही हातानं टिकवायची हाय."

*

सर म्हणजे बिरनाळे सर, आमचे एरिया हेड. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेन, त्यातलं एक न चालणारं. गाळ्यात आले की पंखा आपल्याकडं वळवून बसायचे आणि सगळ्यांना फॅमिली म्हणायचे.

अपघाताच्या दुसऱ्या दिवशी मंगळवारी त्यांनी मला बोलावलं.

"बस, पल्लवी बाळ. इम्तियाज मुल्लाणींचं ऐकून वाईट वाटलं. कसे आहेत?"

"पायात रॉड घातलाय. कंपनीचा विमा आहे ना सर? भाभी विचारत होत्या. दवाखान्यात एक फॉर्म मागतायत, कामावर असताना लागलं म्हणून."

सरांनी कॉम्प्युटर माझ्याकडं फिरवला. "हे बघ. सोमवार, सकाळी सव्वासात. मुल्लाणींच्या नावावर उघडा कॉल आहे का? नाही. तालुक्यात एक तरी आहे का? नाही. मग ते कालव्यावर काय करत होते?"

"कार्ड घेऊन चालले होते. तुम्हाला माहीत आहे."

"मला काय माहीत आहे ते सोड. विमावाले हे बघतात. कॉल नाही म्हणजे ड्युटी नाही. खाजगी कामाला निघाले असतील."

"सकाळी सातला? कालव्यावरनं?"

"आवाज." त्यांनी बोट वर केलं. मग परत गोड झाले. "हे बघ, शुक्रवारी संघाच्या पाटणकर मॅडम खटकवाडीला येतायत. संघाचा पुढच्या तीन वर्षांचा ठेका त्यांच्या शेऱ्यावर आहे. त्या दिवशी सगळं टकाटक पाहिजे. तोवर कार्ड तू फिरव. एकदा ठेका झाला की तुला ज्युनियर नाही, इंजिनियर करतो. ओळखपत्रावर छापून. दहावी नापास पोरीला इंजिनियर कोण करतं?"

"मी नापास नाही. मी परीक्षेलाच बसले नाही."

"तेच ते."

तेच ते नव्हतं. पण ओळखपत्राचं ऐकून मला मोह झाला, खोटं कशाला बोलू. आईला दाखवलं असतं. त्या गणिताच्या सरांच्या घरावरनं गळ्यात घालून मुद्दाम दोनदा गेले असते.

पाटणकर मॅडमना मी एकदा बघितलं होतं. महिन्याभरापूर्वी त्या गाळ्यात येऊन आम्हाला फॉर्म वाटून गेल्या होत्या. सेवेचा दर्जा आणि कर्मचाऱ्यांकडची साधनं, असं काहीतरी वर लिहिलेलं. चोवीस प्रश्न, प्रत्येकाला एक ते पाच मार्क. कामाला लागणारं सामान वेळेवर मिळतं का? वरिष्ठांचा आधार वाटतो का? अडचण आल्यावर स्वतःच्या हिकमतीनं मार्ग काढता का? बिरनाळे सर मॅडमच्या मागं उभे राहून आमच्याकडं बघून पंजा दाखवत होते. पाचही बोटं उघडी. आम्ही सगळीकडं पाच लिहिले. भाईंनी पण. मी पण. त्या चोवीसातला हिकमतीचा एक पाच तेवढा खरा होता.

मंगळवार, बुधवार, गुरुवार, मी कार्ड फिरवलं. सकाळ पण, संध्याकाळ पण. कालव्याच्या त्या वळणावर रोज चार वेळा जायचं. एकाही बाईचं दूध थांबलं नाही. गुरुवारी सकाळी येळगावच्या सचिवानं माझी पाठ थोपटली. "मुल्लाणींची जागा तू भरून काढलीस बघ," म्हणले. मला ते ऐकून बरं वाटायला पाहिजे होतं.

दुपारी मिरजेला गेले. भाई झोपले होते, पाय वर टांगलेला. शबानाभाभींनी मला बाहेर व्हरांड्यात नेलं आणि पर्समधनं घडी केलेला कागद काढला.

"साहेब देऊन गेले. तू वाच, मला इंग्रजी जमत नाही."

मला तरी कुठं धड जमतंय. पण टाईप केलेल्या चार ओळी होत्या, अक्षरं लावत लावत कळलं. मी सोमवारी सकाळी खाजगी कामासाठी चाललो होतो. अपघाताशी कंपनीचा संबंध नाही. खाली सहीची जागा.

"हे त्यांनी वाचलंय?"

"वाचलंय. साहेब म्हणले, सही द्या, पाय बरा झाला की कामावर परत घेतो. नाही दिली तर पंधरा दिवस गैरहजर धरणार, मग नाव कमी. शनिवारी सही न्यायला येणार आहेत." भाभींनी कागदाची घडी परत त्याच रेघांवर घातली. "ते करतो म्हणतात सही. वाद नको म्हणतात."

"आणि दवाखान्याचं?"

"दागिने आहेत की," भाभी म्हणल्या. हात मोकळे होते त्यांचे. मी कानांकडं बघितलं, तर कानही मोकळे.

मी आत गेले नाही. स्कुटीवर बसले आणि सरळ खटकवाडीला आले.

*

खटकवाडीची डेअरी बायकांची आहे. सचिव सुमन खोत, सगळं गाव काकू म्हणतं. काकू म्हशीला पाणी दाखवत होत्या.

"काकू, उद्या सकाळी दूध कितीला घेणार?"

"पावणेसहा. रोजच्यासारखं. का गं?"

"तुमची मूळची वेळ कितीची?"

"साडेसहाची की. पण ते तुमचं कार्ड..."

"उद्या साडेसहाला घ्या."

काकूंनी बादली खाली ठेवली. "येळगाव बी साडेसहाचंच हाय."

"हो."

"चिंचमळा बी."

"हो. तिघांनी आपापल्या मूळ वेळेला घ्या. मशीन चालत नसेल तर कॉल टाका. आणि मशीन चालू झाल्याशिवाय ओटीपी कुणाला द्यायचा नाही. मला पण नाही."

"उद्या ती बाई येणार हाय संघाची."

"म्हणूनच."

"आन् माझ्या बायांचं दूध? पावतीबिगर कोण वतंल? मागच्या सचिवानं वहीत काय दिवे लावले ते गाव इसरलं न्हाई अजून."

"मशीन आकडा दाखवतंय की. तुम्ही मोठ्यानं ओरडून सांगा, आणि जिचं दूध तिनं स्वतः वहीत लिहायचं. तुम्ही लिहायचंच नाही."

"आन् जिला लिहिता येत न्हाई, तिचं?"

"तिचं तिच्या पोरीनं लिहावं. माझ्याएवढं तरी येतंच असेल."

काकू हसल्या नाहीत. म्हणल्या, "पल्लवी, मुल्लाणींचा पाय मोडला, त्यात आमच्या डेअरीचा काय दोष?"

"दोष नाही. पण ते कुठं चालले होते हे आपण सोडून कुणी सांगणार नाही. कागदावर कुठंच नाही. परवा ते सही करणार, की मी खाजगी कामाला चाललो होतो."

म्हशीनं बादलीला धक्का मारला, पाणी सांडलं. काकूंनी तिला एक शिवी घातली, ती म्हशीला होती असं मला वाटलं नाही.

"पाच आठवडं झालं," काकू म्हणल्या, "माझ्या बाया पावणेसहाला काळोखात उभ्या राहत्यात. त्या यमूबाईचं गुडघं गेल्यात. मी त्यास्नी सांगत हुते, थोडं सोसा, मुल्लाणी बिचारा किती पळतोय." त्यांनी पदरानं हात पुसले. "येळगावला तू बोल. चिंचमळ्याचा सचिव माझ्या चुलतभावजयीचा भाऊ हाय, त्याला मी बघते."

*

शुक्रवारी सकाळी सहाला मी पोचले तेव्हा बिरनाळे सर आधीच आले होते. हातात गुच्छ. डेअरीच्या दारात रांगोळी, ती त्यांनीच काढून घेतली होती. आत कुणी दूध ओतत नव्हतं, म्हणून ते घड्याळ बघत होते.

"बाया कुठायत? पावणेसहाची वेळ ना?"

"साडेसहाची," काकू आतनं म्हणल्या. "बोर्डावर लिव्हलंय."

साडेसहाला पंचवीसेक बायका किटल्या घेऊन रांगेत उभ्या होत्या. त्यांच्या मागोमाग पाटणकर मॅडमची गाडी. मॅडम उंच, केस कापलेले, हातात टॅब. गुच्छ घेतला आणि लगेच टेबलावर ठेवून दिला, ते मला आवडलं.

"सुरू करा," मॅडम म्हणल्या.

काकूंनी पहिलं दूध मशीनला लावलं. मशीननं आकडा दाखवला. कॉम्प्युटरवर काहीच उमटलं नाही.

"पावती येत न्हाई," काकू म्हणल्या आणि फोन उचलून कॉल टाकला. मॅडमच्या टॅबवर टुंग वाजलं.

बिरनाळे सर माझ्याकडं वळले, दात न उघडता बोलले, "कार्ड लाव."

मी उपड्या कॅनवर बसले होते. कार्ड माझ्या मांडीवर रुमालात होतं. भाईंचाच रुमाल.

"लाव म्हणतोय ना."

टॅबवर परत टुंग. मॅडमनी वाचलं, "येळगाव. पावती नाही." लगेच तिसऱ्यांदा वाजलं. "चिंचमळा. पावती नाही." त्यांनी मान वर केली. "एकाच मिनिटात तीन? लाईनचा प्रॉब्लेम आहे का?"

"किरकोळ आहे मॅडम, पोरगी आत्ता करते," सर म्हणले. "पल्लवी, ऊठ."

"कुठल्या गावाला लावू, सर?"

"काय?"

मी रुमाल उघडून कार्ड वर धरलं. "हे एकच आहे. गावं तीन आहेत. तुम्ही सांगा कुठं लावू, मी लावते. बाकीच्या दोन ठिकाणी तुम्ही काय ते बघा."

रांगेतल्या बायका पुढं सरकल्या. कुणाची तरी किटली कुणाच्या तरी पायाला लागली. मॅडमनी टॅब खाली घेतला.

"नीट सांग," त्या म्हणल्या.

मी सांगितलं. वीज कधी आली ते, जळालेली तीन कार्डं, रविवारी घरात बसून बनवलेलं एक, वेळा, ओटीपी, बंद कॉल, उघडा कॉल, सगळं. मला सलग बोलायची सवय नाही, मधेच राग येतो आणि गाडी भलतीकडं जाते, पण त्या दिवशी गेली नाही. सर तीनदा मधे बोलायला गेले. तिसऱ्यांदा यमूबाई म्हणल्या, "अवं बोलू द्या की तिला. आमी रोज तुमचंच ऐकतोय."

सरांनी बॅगेतनं फाईल काढली. तयारीनंच आले होते म्हणायचे. "मॅडम, या मुलीनं स्वतः भरलेला फॉर्म आहे. सामान वेळेवर मिळतं का, पाचपैकी पाच. वरिष्ठांचा आधार, पाच. ही सही कुणाची आहे, पल्लवी?"

"माझी."

"मग?"

"खोटं लिहिलंय. चोवीसातले तेवीस. मीच लिहिलंय." मग मी मॅडमकडं वळले, कारण राग फक्त सरांचा नव्हता. "तुम्ही फॉर्म वाटलेत तेव्हा सर तुमच्या पाठीमागं उभे राहून पंजा दाखवत होते. सहा माणसांनी चोवीस प्रश्नांना सारखंच उत्तर दिलं, तरी तुम्हाला काही वाटलं नाही?"

मॅडमचा चेहरा लाल झाला. मला वाटलं आता ह्या पण गेल्या हातातनं.

"वाटलं होतं," त्या म्हणल्या. "आकडे चांगले होते म्हणून सोडून दिलं." मग काकूंना विचारलं, "सोमवारी सकाळी इथून कार्ड कोण घेऊन गेलं?"

"मुल्लाणी. सात वाजून दहा मिंटांनी. माझ्या हातचा चहा न पिता गेलं."

"तुम्ही लिहून द्याल?"

"लिहून देते आन् डेअरीचा शिक्का बी मारते."

"त्यानं भागणार नाही पण," मॅडम म्हणल्या. "मुल्लाणींनी स्वतः लिहून दिलं पाहिजे. तेच खाजगी काम म्हणाले, तर आम्ही सगळे इथं बोलून उपयोग नाही." टॅबच्या पिशवीतनं त्यांनी जबाबाचा एक कोरा फॉर्म काढून माझ्याकडं दिला. "उद्यापर्यंत."

बिरनाळे सर जाताना माझ्याजवळ थांबले. "उद्यापासून कामाला यायचं नाही."

"आजचं पण धरू नका," मी म्हणले.

त्या सकाळी खटकवाडीत दूध घ्यायला पावणेनऊ वाजले. काकू आकडा ओरडायच्या, बाई लिहायची. एकीनं चारऐवजी सहा लिहिला, तर मागच्या सगळ्या एकदम ओरडल्या.

*

शनिवारी अकराला मी मिरजेला पोचले तर बिरनाळे सर भाईंच्या खाटेशेजारी खुर्चीवर होते. कागद भाईंच्या छातीवर, पेन त्यांच्या हातात. मी मधे गेले आणि मॅडमचा फॉर्म त्या कागदावर ठेवला. काकूंची शिक्का मारलेली चिठ्ठी त्याला टाचलेली होती.

"ही मुलगी आता कंपनीत नाही," सर म्हणले. "मुल्लाणी, तुम्ही शहाणे आहात. तो फॉर्म भरलात तर त्याचा अर्थ काय होतो? तीन कॉल तुम्ही खोटे बंद केले. सही करा, महिन्याभरात परत घेतो. मी शब्द देतो."

भाईंनी सरांकडं बघितलंच नाही. खटकवाडीचं त्यांना कळलेलं दिसत होतं. ते माझ्याकडं बघत होते, आणि मी त्यांना कधी इतकं चिडलेलं बघितलं नव्हतं.

"तुला कुणी सांगितलं होतं?"

"कुणी नाही."

"पाच आठवडं. पाच आठवड्यांत एका बाईचं दूध थांबू दिलं नव्हतं मी. ताप होता तेव्हा बी गेलो. आणि तू एका सकाळी तीन गावं उभी केलीस? साडेसहा ते पावणेनऊ? यमूबाईला उभं राहवतंय का तेवढं?"

"त्या बसल्या होत्या. मीच कॅन दिला."

"उलट बोलू नको. मी नीट चालवलं होतं."

"हो. तुम्ही नीट चालवलंत," मी म्हणले. रडायचं नव्हतं, सर बसले होते. "इतकं नीट चालवलंत, की कंपनीच्या कागदावर एकही मशीन बंद पडलेलं नाही. तुम्ही कुठं गेलाच नाहीत. म्हणून तुमचा पायसुद्धा मोडलेला नाही. आणि तुम्ही पडल्यावर मी काय केलं? कार्ड घेऊन येळगावला गेले. तुम्हाला रस्त्यावर टाकून. म्हणजे मी पण नीटच चालवलं."

भाभी पायथ्याशी उभ्या होत्या.

भाईंनी टांगलेल्या पायाकडं बघितलं. मग वरचा फॉर्म उचलला, खालचा कागद तसाच छातीवर राहिला.

"शबाना, खाली धरायला काहीतरी दे."

भाभींनी एक्स-रेचं पाकीट दिलं. भाई लिहायला लागले. हात सुजलेला होता, अक्षर हळू येत होतं. सर खुर्चीतनं अर्धे उठले.

"मुल्लाणी, विचार करा. काय लिहिताय?"

भाईंनी ओळ पूर्ण केली, खाली सही केली, तारीख घातली, आणि मग मोठ्यानं वाचून दाखवली.

"सोमवारी सकाळी सव्वासातला मी कामावर होतो. त्याच्या आधीच्या चौतीस सकाळी बी."